शिगमो फुटपाथवरून: दोन मिरवणुका, एक मंच आणि एक स्टूल

ताशाला आमच्या गोव्यात तासो म्हणतात. शिगम्यात, म्हणजे आमच्या फाल्गुनातल्या सणात, तो ३१ वर्षं माझ्या गळ्यात होता. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, झीज झालीय, चालणं जपून. मी विचारलं, सपाट रस्ता, दोनेक किलोमीटर, तेही हळूहळू, चालेल का? डॉक्टर आमच्याच बाजूचे. माझ्याकडे चष्म्यावरून बघून म्हणाले, "शिगम्याक ना." शिगम्याला नाही.

तर यंदा तासो पुतण्याच्या गळ्यात गेला आणि मी फुटपाथवर आलो. वयाच्या ५९व्या वर्षी पहिल्यांदा कळलं की शिगम्याची मिरवणूक समोरून कशी दिसते. इतकी वर्षं मला दिसायची ती पुढच्या ढोलवाल्याची पाठ. म्हणून हे लिहितोय. मी चालणारा होतो, बघणारा नवीन आहे, आणि नव्या बघणाऱ्याला कुठे फसायला होतं ते अजून ताजं आहे.

बाहेरून येणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागात, शिगमो पौर्णिमेच्या आधी होतो, तो धाकटा. आमच्या अंत्रुजेत, म्हणजे फोंड्याच्या बाजूला, आणि इतर नव्या काबिजादीत पौर्णिमेपासून पुढे, तो व्हडलो, म्हणजे थोरला. गावातला शिगमो मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र जागेवर, होतो. नमन होतं, मेळ, म्हणजे वाजवणाऱ्या-नाचणाऱ्यांचा जथा, घरोघरी जातो, यजमान नारळ-पैसे देतात. शहरातली मिरवणूक वेगळी. पौर्णिमेनंतर साधारण पंधरवडाभर आज या शहरात तर उद्या त्या शहरात ती फिरते. त्यात ढोल-ताशांचे रोमटामेळ, लोकनृत्यांची पथकं आणि चित्ररथ, सगळ्यांना बक्षिसं. बहुतेक पाहुणे बघतात ती हीच, आणि माझा अभिप्रायही हिच्याबद्दलच.

पहिली मिरवणूक एका मोठ्या शहरातली. नाव लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत आणि आयोजकांत दोघे ओळखीचे आहेत. वेळ साडेचारची छापली होती. मी शहाण्यासारखा सहाला गेलो. पहिला ढोल ऐकू आला तेव्हा सव्वासात वाजून गेले होते. यात मला राग यायला नको, कारण उशीर का होतो ते मला आतून ठाऊक आहे. पन्नास-साठ माणसांचा मेळ दोन टेंपो आणि एका बसमधून येतो, त्यातला एक टेंपो नेहमी चुकतो आणि कासाळी, म्हणजे मोठ्या झांजा, नेमकी त्याच टेंपोत असतात. पण रस्त्याकडेला म्हाताऱ्या बायका पोरांना मांडीवर घेऊन अडीच तास बसल्या होत्या, हे आम्हाला वाजवताना कधी दिसलंच नव्हतं.

उभा राहिलो ती जागाही चुकली. आमचा मेळ जिथे संपायचा, जिथे टेंपो लागलेले असायचे, तिथेच पाय आपोआप गेले. सवय. तिथे काय दिसलं? एकेक मेळ यायचा तो पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावून. ढोल खांद्यावरून उतरवून कमरेला टेकवलेले. निशाणवाले निशाण गुंडाळतायत. ताशावाला एका हाताने टिकटिक करतोय, दुसऱ्या हातात मोबाईल. कोणीतरी "ओस्सय!" म्हणायचा आणि चारपाच जण पाय ओढत "ओस्सय" म्हणायचे. शेजारी एक बाई नातवाला सांगत होती, "बघ हां, आता मोठा ढोल येतोय." मोठा ढोल आला आणि मुका गेला.

तेव्हा लक्षात आलं की शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या लोकांना आम्ही ३१ वर्षं उष्टं वाढत होतो. तेही दरवर्षी त्याच रस्त्यावर, बहुधा त्याच माणसांना. त्या शहराला पाचपैकी दीड. त्यातला एक माझ्या चुकीच्या जागेमुळे वाचला, नाहीतर अर्धाच होता.

दुसऱ्या मिरवणुकीला डोकं लावलं. परीक्षकांचा मंच कुठे आहे ते आधी जाऊन पाहिलं, आणि मंचासमोर नाही, मंचाच्या आधी शंभरेक पावलं जागा धरली. ही या सगळ्या लिखाणातली एकच कामाची गोष्ट आहे, बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल. मंचासमोर खुर्च्या असतात, त्या पासवाल्यांच्या. मंचानंतर मेळ विझत जातो. मंचाच्या आधी मात्र तो पेटतो, अगदी खरोखर पेटतो.

ते कसं होतं सांगतो. पुढचा मेळ मंचासमोर खेळत असतो, त्याला ठरलेली काही मिनिटं मिळतात, त्यामुळे मागचा मेळ अडकून उभा राहतो. मार्चमधली संध्याकाळ, समुद्राकडून दमट वारा आलेला, कातडी पानं सैल पडलेली. मग गटाराच्या कडेला दोन पोरं जुनी वर्तमानपत्रं पेटवतात. ताशा उलटा धरून त्या जाळावर फिरवायचा, ठेवायचा नाही. एका जागी क्षणभर जास्त राहिला तर पान तडकतं आणि रात्र संपली. बोटाच्या पेराने मधे टिचकी मारायची. आधी "थप" असा ओला आवाज येतो, मग "ठप", मग "टण". तो "टण" आला की ताशावाला मान वर करतो, आणि त्या मान वर करण्याकडे बघून ढोलवाले पट्टे आवळतात. शिट्टीवाला ओळींतून मागेपुढे धावतो, पोरांचे फेटे ओढून सरळ करतो, एखाद्याच्या तोंडातला गुटखा थुंकायला लावतो. पुढे अबदागिरी आणि निशाणं उभी राहतात. मग एकदम सगळं शांत. एवढ्या गर्दीतली ती शांतता मी वाजवताना कधी ऐकली नव्हती, कारण तेव्हा मी माझ्याच छातीतली धडधड ऐकत असायचो.

आणि मग तासो सुटतो. त्याच्या मागून ढोल, त्यावर कासाळी, आणि साठ गळ्यांतून "ओस्सय! ओस्सय!" मी बसलो होतो ते स्टूल प्लॅस्टिकचं, फोंड्याच्या बाजारातून २८० रुपयांना घेतलेलं. ते स्टूल खालून थरथरत होतं, खोटं नाही सांगत. नातू सात वर्षांचा, त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले आणि हसत राहिला.

आता एक मत, जे आमच्या मांडावरच्या थोरल्यांना पटणार नाही. "खरा शिगमो गावात, शहरातला सगळा दिखावा", असं म्हणायची पद्धत आहे. मी पण म्हणायचो. पण बाहेरून बघितल्यावर कान खोटं बोलत नाहीत. माझ्या तरुणपणी आम्ही मांडावर वाजवायचो ते भक्तीने वाजवायचो हे कबूल, पण वाजवायचो कसंही. कोण पुढे, कोण मागे, कोणाच्या पोटात हुर्राक (काजूची दारू), काही मेळ नसायचा. बक्षीस आलं तेव्हापासून पोरं महिनाभर आधी शाळेच्या मैदानात रात्री दहापर्यंत तालीम करतात. पुतण्याच्या मेळाची थांबायची जागा अशी तुटते की सुरीने कापल्यासारखी. आम्हाला ते कधी जमलं नाही. स्पर्धेने भांडणं आणली, निकालावरून दरवर्षी कोणी ना कोणी रुसतं, ते आहेच. पण हात पण आणला.

त्याच मिरवणुकीत घोडेमोडणी होती. ही डिचोली-सत्तरीची, आमच्या बाजूची नाही, म्हणून मला तिचं अप्रूप जास्त. माणसाच्या कमरेला घोड्याचं सोंग बांधतात. पुढे लाकडी मान आणि तोंड, खाली रंगीत कापडाचा घेर, म्हणजे वरून स्वार आणि खालून घोडा, एकच माणूस. डोकं फुलांनी सजवलेलं, हातात नागवी तलवार, पायांत घुंगरू. पुढे झेप, मागे सरकणं, पुन्हा पुढे. लढाई जिंकून परतणाऱ्या राणे घराण्यातल्या वीरांची आठवण म्हणून हे खेळतात असं सांगतात. नीट बघायचं तर तलवारीकडे बघू नका, पायांकडे बघा. घोडा बिथरतो तो फक्त टाचांत. कमरेवरचं अंग स्वाराचं, ते ताठच राहिलं पाहिजे. चौघांतल्या एकाला हे असं जमत होतं की तो वळला की घोडा अर्धा श्वास उशिरा वळायचा.

आणि नेमकं तेव्हाच मागून चित्ररथाच्या स्पीकरवर सिनेमाचं गाणं आलं. घोड्यांचा ढोल बुडाला. तो स्वार तरीही खेळत राहिला, ताल आठवणीने धरून. आयोजकांना विनंती एवढीच, पथक आणि चित्ररथ यांच्यात अंतर तरी ठेवा, नाहीतर मंच पार होईपर्यंत रथाचा आवाज बंद करा. हे दरवर्षी कोणी ना कोणी सांगतो. यंदा मी सांगितलं. मंचामागच्या गृहस्थांनी "होय होय, काका" म्हटलं आणि चहा दिला. चहा चांगला होता.

चित्ररथांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ट्रकवर फायबर-थर्माकोलचे डोंगर, राक्षस डोळे फिरवतायत, नाग फणा काढतोय, मोटर आणि जनरेटर. पोरं महिनाभर रात्री जागून बनवतात, त्या मेहनतीला नमस्कार. पण रथ विजेच्या तारेखाली अडकला की वीस मिनिटं रस्ता रिकामा, दोघे बांबूने तार उचलतायत आणि लोक आपापल्या फोनमध्ये. एक नृसिंहाचा होता. खांब फुटायचा आवाज चांगला साधला होता. पण आमच्यासमोर रथ थांबला तेव्हा हिरण्यकश्यपू नृसिंहाच्या मांडीवर आडवा पडून सरबत पीत होता, स्ट्रॉने, आणि नृसिंह त्याच्यासाठी ग्लास धरून होता. मला त्या रथातलं तेवढंच आवडलं. नातवाने घरी येऊन आजीला शिगम्याबद्दल सांगितलं ते पण तेवढंच.

सोयी: शौचालयं दोन, दोन्ही मंचाच्या मागे, आणि तिथे जायला दोरी ओलांडावी लागते. बायकांचे हाल. पाणी विकत. गाडी दोन किलोमीटर लांब लावावी लागली. मी पूर्वी कदंबची बस चालवायचो, त्यामुळे शेवटची बस कुठे आणि किती वाजता भरते याचा अंदाज होता. तुम्हाला नसेल तर जाताना नाही, येतानाचाच विचार करून जा. रात्री साडेअकराला रस्त्यावर पायलटवाले, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाले, मागतील ते द्यावे लागतात.

खाणं मात्र पाचपैकी पाच. खाजें घ्या. बेसनाच्या काड्या, वरून गुळाचा जाड थर, त्याला आल्याचा झणका. फेरीवाल्याकडे बघून घ्या, गूळ चकाकत असेल तर ताजं, पांढरट पडला असेल तर मागच्या जत्रेचं. मिरची भजी, लिंबू सोडा. हा काजूचा हंगाम, त्यामुळे एका म्हातारीकडे बोंडं पण होती, मीठ लावून. शर्टावर रस सांडू देऊ नका, डाग जन्मभर जात नाही. माझ्या जुन्या मेळाच्या सदऱ्यावर एक १९९८चा आहे.

तिसऱ्या वेळेला मिरवणूक सोडून मंचावरच्या लोकनृत्यांना बसलो, बायकोच्या आग्रहाने. ती म्हणाली, तुम्हाला ढोलाशिवाय काही दिसत नाही. खरं आहे. तिथे काणकोणच्या बाजूचं एक पथक गोफ घेऊन आलं होतं. वर मधोमध कडी, तिला रंगीत दोऱ्या, एकेक दोरी एकेकाच्या हातात. गाणं सुरू झालं की एकाने बाहेरून जायचं, दुसऱ्याने आतून, आणि वर कडीपासून वेणी पडायला लागते. सुरुवातीला वाटतं, यात काय, फेर धरून फिरतायत. पण वेणी हातभर झाली की नक्षी दिसायला लागते, लाल-पिवळी-हिरवी, शंकरपाळ्यांसारखी. मग गाणं न थांबवता पावलं उलटी फिरवायची आणि तीच वेणी सोडवायची. गंमत इथे आहे. विणताना कोणी चुकला तर लगेच दिसत नाही. सोडवताना दिसतं, गाठ राहते.

त्या दिवशी राहिली. हिरव्या दोरीचा मुलगा, असेल सोळा-सतराचा, मघाशी एकदा आतून जायच्या जागी बाहेरून गेला होता. मी ते पाहिलं नव्हतं, बायकोने पाहिलं होतं, तिने मला कोपरानेच सांगितलं. सोडवताना सगळ्या दोऱ्या मोकळ्या होत आल्या आणि वर हिरवी अडकली. गाणारे थांबले नाहीत. त्यांनी तीच ओळ पुन्हा धरली, मग पुन्हा. पथकातला सगळ्यात मोठा माणूस आपली दोरी न सोडता त्या मुलाच्या बाजूने सरकला, हनुवटीने खूण केली, तो एकदा खालून गेला, एकदा वरून, आणि गाठ सुटली. टाळ्या पडल्या त्या तेव्हा. परीक्षकांनी गुण कापले असतील. मी असतो तर वाढवले असते. बायको म्हणाली, "बरं झालं चुकला."

ज्यांना शहराची गर्दी नको त्यांच्यासाठी थोडक्यात. जांबावलीला दामोदराच्या देवळात गुलाल असतो, मडगावकरांचा तो जीव. पांढरे कपडे घालून जा आणि परत येताना सीटवर वर्तमानपत्र घाला. डिचोली तालुक्यातल्या साळला गड्यांची जत्रा रात्री असते. तिथे कॅमेरा काढायच्या फंदात पडू नका, ते कोणाला दाखवण्यासाठी नसतं, गाव आपल्या श्रद्धेने करतो. सत्तरीतल्या झर्म्याच्या चोरोत्सवालाही तेच लागू. काणकोणात मल्लिकार्जुनाची शिशारान्नी होते, तिघांची डोकी चुलीसारखी जुळवून त्यावर भात शिजवतात. ती एका वर्षाआड असते, तेव्हा आधी तिथल्या कोणाला तरी विचारून निघा. आणि चैत्रात सांखळीला विठ्ठलापुरात वीरभद्राचा उत्सव. तोपर्यंत शहरातले मंडप निघालेले असतात आणि गरमी वाढलेली असते, पण मला विचाराल तर तो चुकवू नका. माझा गुडघा साथ देईल तर मीही तिथेच भेटेन, स्टुलासकट.

स्टुलाबद्दल राहिलंच. घडीचं घेऊ नका, गर्दीत कोणीतरी धक्का देतो आणि ते मिटतं. चार पायांचं, साधं, लाल प्लॅस्टिकचं घ्या. दुसऱ्या मिरवणुकीत माझं स्टूल मी पंधरा मिनिटं एका गरोदर बाईला दिलं, मग तिच्या सासूला, मग एका पोलिसाला.

परवा पुतण्या तासो परत घेऊन आला. त्यांच्या मेळाला दुसरा नंबर मिळालाय, त्यामुळे स्वारी खुशीत. पानावर बघितलं तर काठ्यांचे वळ एका बाजूला जास्त. उजवा हात जोरात मारतो, मी कितीदा सांगितलंय. म्हणाला, पुढच्या वर्षी प्लॅस्टिकचं पान घालूया, शेकायची कटकट नको. मी काही बोललो नाही. मग त्याला त्या शेवटच्या टोकाबद्दल सांगितलं. तिथे माणसं असतात, पोरं असतात, त्यांच्यासाठी थोडा हात राखून ठेव म्हटलं, मंचासमोर सगळा सांडू नको.

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"काका, तुमी दवरताले?" तुम्ही राखून ठेवायचा का?

मी फडकं घेऊन तासो पुसायला लागलो. कडेच्या खोबणीत गुलाल बसला होता, तो लवकर निघत नाही.